पाइपाच्या तोंडाशी

2 ऑगस्ट 2014. शनिवारची पहाट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर अजून झोपेतच होतं, तेव्हा नळाचं पाणी पिऊ नका, असं पालिकेने जाहीर केलं. त्यामागोमाग आलेली सूचना जास्त चक्रावणारी होती: हे पाणी उकळूही नका. पाण्याची शंका आली की ते उकळून घ्यायचं, हे कुठल्याही देशातल्या आजीने शिकवलेलं असतं. पण इथे भीती जंतूंची नव्हती. पाण्यात विष होतं. उकळलं तर पाणी वाफ होऊन जाणार आणि विष भांड्यात तेवढंच राहणार, म्हणजे आणखी दाट होणार.

उजाडेपर्यंत शहरातल्या दुकानांतून बाटलीबंद पाणी संपलं. लोक गाड्या काढून शेजारच्या गावांत गेले, मिशिगन राज्यात गेले. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. चार लाखांहून जास्त माणसं अडीच दिवस नळाकडे नुसती बघत राहिली. सोमवारी, 4 तारखेला, महापौर डी. मायकेल कॉलिन्स यांनी पत्रकारांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं, तेव्हा हे प्रकरण मिटलं. हे शहर काही वाळवंटात वसलेलं नाही. ते ईरी सरोवराच्या काठावर आहे. जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा ज्या पाच महासरोवरांत साठला आहे, त्यांतलंच हे एक.

विषाचं नाव मायक्रोसिस्टिन. ते यकृताला इजा करतं आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मायक्रोसिस्टिस नावाचे सूक्ष्म जीव ते तयार करतात. त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणायची पद्धत असली, तरी मुळात ते जिवाणू आहेत. उन्हाळ्यात पाणी तापलं, वारा पडला आणि खायला भरपूर मिळालं, की त्यांची पृष्ठभागावर साय धरते. वाटाण्याच्या सुपासारखी दिसते, असं तिथले लोक म्हणतात. टोलेडोसाठी सरोवराच्या आत जिथून पाणी उचलतात, नेमकी तिथेच त्या आठवड्यात ही साय येऊन साचली होती.

त्यांचं खाणं म्हणजे स्फुरद, अर्थात फॉस्फरस. साय कशामुळे धरते, या कोड्याचं हे उत्तर आज सरळ वाटतं, पण एके काळी त्यावर जोरदार वाद होता. तो वाद मिटवणारा प्रयोग कॅनडात झाला. ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली बरीच तळी आहेत. त्यांतलं 226 क्रमांकाचं तळं मध्ये कमरेसारखं अरुंद आहे. 1973 साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कमरेवर पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं. दुसऱ्यात कर्ब आणि नत्राच्या जोडीला स्फुरदही. थोड्याच काळात विमानातून फोटो काढला गेला: पडद्याच्या एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवट रबडी. सरोवरशास्त्रातल्या कितीतरी शोधनिबंधांनी जे साधलं नसतं, ते त्या एका फोटोने साधलं.

ईरी हे पाचांतलं सगळ्यात उथळ सरोवर. त्यातही टोलेडोकडचा पश्चिम भाग सरासरी सात-साडेसात मीटर खोल, म्हणजे महासरोवराच्या मानाने परातच. या परातीत मॉमी नावाची नदी उतरते. पाचही सरोवरांना मिळणाऱ्या नद्यांमध्ये सगळ्यात मोठ्या पाणलोट क्षेत्रांपैकी एक तिचं: सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग शेतीखाली. मका, सोयाबीन, थोडा गहू, आणि गायी-डुकरांचे मोठमोठे गोठे.

आता एका शेतातून किती स्फुरद वाहून जातो, ते पाहू. ओहायोतल्या शेतांच्या कडेला यंत्रं बसवून वर्षानुवर्षं मोजमाप झालं आहे. सरासरी आकडा हेक्टरी वर्षाला किलोच्या आसपास येतो. डीएपीची 50 किलोची गोणी घेतली, तर 18:46 या आकड्यांप्रमाणे तिच्यात 23 किलो स्फुरद ‘ऑक्साइड’च्या हिशोबात असतो. शुद्ध स्फुरद साधारण दहा किलो. म्हणजे वाहून जाणारा एक किलो हा गोणीचा दहावा भाग. एवढं खत गोणी फाटूनही सांडतं. शेतकऱ्याच्या जमाखर्चात ते दिसणारही नाही आणि पिकाला त्याची उणीवही भासणार नाही. पण बारा-तेरा लाख हेक्टरवर तेच झालं, की नदीच्या मुखाशी हजार टनांपुढे आकडा जातो. इथला सगळा पेच या विषमतेत आहे. जे शेतीला चिल्लर वाटतं, ते सरोवराला भारी पडतं. त्यामुळे ‘शेतकरी बेफिकिरीने खतं ओततात’ हे शहरात ऐकू येणारं वाक्य इथे फारसं उपयोगाचं नाही.

ईरी सरोवर याआधीही एकदा हाताबाहेर गेलं होतं. 1960च्या दशकात ‘ईरी मेलं’ अशा बातम्या छापून येत. त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने 1969च्या जूनमध्ये पेट घेतला आणि ती आग देशभर गाजली. डॉक्टर सूस यांच्या ‘द लोरॅक्स’ या मुलांच्या पुस्तकातही ईरीच्या दुर्दशेवर एक ओळ होती. पुढे सरोवर सुधारल्यावर संशोधकांनी लेखकाला तसं कळवलं आणि ती ओळ पुस्तकातून काढली गेली. सरोवराला असं दुरुस्तिपत्रक क्वचितच मिळत असेल.

ती सुधारणा खरी होती. 1972 साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला. सांडपाण्याची केंद्रं सुधारली, कपड्यांच्या साबणातून फॉस्फेट कमी झालं, आणि सरोवरात वर्षाला 11 हजार टनांपेक्षा जास्त स्फुरद जाऊ नये, अशी मर्यादा ठरली. शेतीच्या बाजूने लढाई मातीसाठी होती. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो, माती वाहिली की तो वाहतो, म्हणून माती धरा, असं ते साधं तर्कशास्त्र. नांगरट कमी करा, धसकटं रानातच राहू द्या, काठावर गवताचे पट्टे सोडा. शेतकऱ्यांनी ऐकलं. शून्य मशागतीची, म्हणजे न नांगरता थेट पेरायची पद्धत पसरली. नदीतला गाळ घटला, वॉलाय माशाची पैदास वाढली, मासेमारीच्या बोटी पुन्हा गर्दी करू लागल्या.

आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून साय पुन्हा धरू लागली.

हे कसं झालं, याचा पहिला धागा टिफिन नावाच्या लहान गावातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाकडे होता. डेव्हिड बेकर यांनी 1970च्या दशकात तिथे नद्यांचं पाणी रोज बाटल्यांत भरून तपासायचा नेम सुरू केला होता. पूर असो, बर्फ असो, नमुना घ्यायचाच. असलं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि दरवर्षी पैसे मागताना नाकी नऊ येतात. पण वीस-पंचवीस वर्षांच्या त्या नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसली. मातीला चिकटून येणारा स्फुरद ठरल्याप्रमाणे कमी होत होता. पाण्यात विरघळून येणारा मात्र वाढत होता. मातीच्या कणांवरच्या स्फुरदापैकी फार तर चौथा-तिसरा हिस्सा शेवाळाच्या तोंडी लागतो. विरघळलेला जवळजवळ सगळाच. गोळाबेरीज फारशी हलली नव्हती, पण सरोवराच्या ताटात वाढलेलं अन्न जास्त पचनी पडणारं झालं होतं.

विरघळलेला स्फुरद शेतातून निघतो कुठून? इथे या भागाच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं. मॉमीच्या खोऱ्यातली बरीच जमीन मुळात ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ नावाची दलदल होती. लाखो एकर चिखल, डास आणि हिवताप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकऱ्यांनी ती उपसली. तिथल्याच चिकणमातीच्या नळ्या भाजून त्या साधारण मीटरभर खोल, ओळीने पुरल्या. जमिनीतलं जादा पाणी नळीत झिरपायचं, नळीतून चरात, चरातून नदीत. भाजक्या मातीच्या त्या नळ्यांना ‘टाइल’ म्हणत. आज तिथे भोकं पाडलेले प्लास्टिकचे काळे पाइप असतात, पण नाव टाइलच राहिलं आहे. वरून पाहिलं तर सपाट हिरवं रान, खाली नळ्यांचं जाळं. हे जाळं नसेल तर वसंत ऋतूत वापसा येत नाही, ट्रॅक्टर रुततो, पेरणी होत नाही. तिथला शेतकरी बैठकीला येईल, योजनेत भाग घेईल, पण टाइल काढा म्हटलं तर तुमचं डोकं फिरलंय असंच समजेल. आणि त्याचं चूक नाही.

आता न नांगरलेलं रान डोळ्यांसमोर आणा. शरद ऋतूत, पीक निघाल्यावर, खताचं दाणेदार मिश्रण पसरणीयंत्राने वरच्यावर फेकलं जातं. नांगरट नसल्याने ते मातीत मिसळत नाही. वर्षानुवर्षं तेच होत गेलं, की स्फुरद वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत साचतो. खालची माती उपाशी, वरची तुडुंब. दुसरीकडे, नांगर न लागल्याने गांडुळांची बिळं आणि चिकणमातीच्या भेगा मोडत नाहीत, थेट खाली पोचतात. मोठा पाऊस आला की पाणी वरच्या थरातला स्फुरद घेऊन या बिळांतून सरळ टाइलमध्ये उतरतं. मातीने त्याला गाळून घ्यावं, एवढा वेळच मिळत नाही. इंडियानातल्या एका अभ्यासात शेतातून गेलेल्या विरघळलेल्या स्फुरदापैकी जवळपास निम्मा या जमिनीखालच्या वाटेने गेलेला आढळला.

पाऊस थांबल्यावर चराच्या काठाला टाइलचं तोंड उघडं दिसतं, हाताच्या मुठीपेक्षा थोडं मोठं. त्यातून धार पडत असते. ओंजळीत घ्यावं असं नितळ पाणी. गढूळ पाणी वाईट आणि स्वच्छ पाणी चांगलं, या सवयीने पाहणाऱ्याला तिथे काही वावगं दिसणार नाही. काठावरचा गवताचा पट्टाही हिरवागार, नियमाप्रमाणे सोडलेला. पाणी त्याच्या खालून, पाइपातून, त्याला स्पर्शही न करता गेलेलं असतं.

शून्य मशागतीला यात एकटीला आरोपी करणं मात्र अन्याय ठरेल. त्याच काळात टाइलच्या ओळी जास्त जवळजवळ पुरल्या गेल्या, मोठ्या पावसाचे दिवस वाढले, शेतं मोठी झाल्याने कमी दिवसांत जास्त एकरांवर खत टाकायची घाई आली. फेकून टाकणं सोपं असतं. तरीही इतकं खरं, की माती वाचवायची पद्धत पाणी वाचवेलच, असं कुणी गृहीत धरलं होतं आणि ते चुकलं.

मग करायचं काय? सगळ्यात हुकमी उपाय दिसायला अगदीच साधा आहे. खत वर फेकू नका, मातीत पेरा. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायला नको. दोन चाड्यांची पाभर त्यासाठीच असते: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियाच्या थोडं खाली. तिकडे ते काम लाखो डॉलरचं पेरणीयंत्र करतं, पण तत्त्व तेच. स्फुरद पाच-सात सेंटिमीटर खाली गेला, की तो मातीच्या कणांना धरून बसतो आणि वरून धावणाऱ्या पाण्याच्या हाती लागत नाही. तिथल्या खतविक्रेत्यांसाठी आणि खत टाकून देणाऱ्या ठेकेदारांसाठी 2014च्या मार्चमध्ये, म्हणजे टोलेडोच्या प्रकरणाच्या पाच महिने आधी, एक प्रमाणपत्र योजनाही सुरू झाली होती: योग्य खत, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य जागा. मला विचाराल तर या चौघांत जागा आणि वेळ हे दोघं जास्त कामाचे.

वेळेचा कायदाच झाला. ओहायोने 2015 साली ईरीच्या पश्चिम खोऱ्यात गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा पाण्याने तुडुंब रानावर खत आणि शेणकाला टाकायला बंदी केली. पुढच्या 12 तासांत इंचभरापेक्षा जास्त पाऊस पडण्याची शक्यता 50 टक्क्यांवर असेल, तर दाणेदार खत वरून टाकता येत नाही. शेणकाल्यासाठी हीच अट अर्धा इंच आणि 24 तासांची. मातीत गाडलं किंवा उभ्या पिकात दिलं, तर सूट. हवामानाचा अंदाज असा कायद्याच्या कलमात जाऊन बसल्याचं उदाहरण विरळाच. शिवाय 50 एकरांपेक्षा जास्त रानात खत टाकणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो.

शेणकाल्याची अडचण वेगळी आहे. मक्याला हवा तेवढा नत्र शेणकाल्यातून द्यायचा म्हटलं, तर स्फुरद गरजेपेक्षा बराच जास्त पडतो. आणि काला म्हणजे बहुतांश पाणी. तो लांब वाहून नेणं परवडत नाही. म्हणून गोठ्याजवळची तीच ती रानं वर्षानुवर्षं तो पीत राहतात. अशा शेतांचं माती परीक्षण केलं तर स्फुरदाचा आकडा पिकाच्या गरजेच्या कितीतरी पुढे निघतो. तिथे आज खत पूर्ण थांबवलं, तरी साठलेला स्फुरद पुढची बरीच वर्षं झिरपत राहतो. खर्च कुठे करायचा हे ठरवताना अशी थोडी रानं आधी शोधावीत, की सगळ्या शेतकऱ्यांना थोडं थोडं अनुदान वाटावं, यावर तिथे वाद आहे. दुसरं राजकारण्यांना सोयीचं असतं, हे सांगायला नकोच.

टाइल काढता येत नसेल, तर तिला दार बसवता येतं. पाइप चराला मिळायच्या आधी जमिनीत उभी एक चौकोनी पेटी पुरतात. तिच्या खाचांत वरून फळ्या सरकवायच्या. कापणी झाली की फळ्या टाकायच्या, म्हणजे पाणी त्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडत नाही, हिवाळाभर जमिनीतच राहतं. वसंतात पेरणीच्या दोनेक आठवडे आधी फळ्या काढायच्या, पाणी जाऊ द्यायचं, वापसा येऊ द्यायचा. पाणी कमी गेलं की त्याबरोबरचा स्फुरद आणि नत्रही कमी जातो. ही युक्ती सपाट रानातच चालते. जमिनीला उतार असला तर प्रत्येक टप्प्याला पेटी लागते आणि खर्च वाढत जातो. कुणी टाइलच्या तोंडाशी पोलाद कारखान्यातल्या मळीचा थर बसवून त्यात स्फुरद अडवायचा प्रयोग करतं, कुणी चराच्या कडेला लहानसं पाणथळ पुन्हा तयार करतं. एकेकाळी उपसून काढलेल्या दलदलीचे तुकडे सरकारी पैशाने परत आणले जात आहेत.

हिवाळी आच्छादन पिकांचं कौतुक मात्र जरा हात राखून केलेलं बरं. राय किंवा ओट पेरून रान झाकलं, की माती धरली जाते, नत्र अडतो, ओल टिकते. पण कडाक्याच्या थंडीत हिरवी पानं गोठून मरतात, पेशी फुटतात आणि त्यांतला स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे नत्रासाठी जे पीक उत्तम, ते विरघळलेल्या स्फुरदासाठी कधी कधी अर्धवटच. ईरीच्या कथेत हे वारंवार घडतं.

मानवी इलाजांचा खरंच काही उपयोग होतो का, याची परीक्षा 2019 साली निसर्गानेच घेतली. त्या वसंतात पाऊस इतका लांबला, की वायव्य ओहायोत हजारो शेतांवर पेरणीच झाली नाही. पेरणी नाही म्हणून खतही नाही. नद्या मात्र दुथडी भरून वाहत होत्या. एवढ्या पाण्यातून जेवढा विरघळलेला स्फुरद यायला हवा होता, त्यापेक्षा तो सुमारे 30 टक्के कमी आला. त्या उन्हाळ्यात साय धरलीच, कारण पाणीच अफाट होतं आणि जुना साठाही होता. पण त्या एका हंगामातलं खत नदीत दिसतं आणि ते कमी केलं की फरकही लगेच दिसतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

त्याच वर्षी टोलेडोच्या नागरिकांनी दुसराच मार्ग धरला. फेब्रुवारीत मतदान घेऊन त्यांनी ईरी सरोवरालाच कायदेशीर हक्क बहाल केले. निरोगी राहण्याचा, बहरण्याचा हक्क. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी कुटुंब कोर्टात गेलं. वर्षभराने फेडरल न्यायाधीशांनी हा ठराव रद्द ठरवला. राज्य सरकारने मग पैशाचा मार्ग घेतला. ‘एच टू ओहायो’ या योजनेत खत आराखडा करणाऱ्या, खत मातीत पेरणाऱ्या, टाइलला पेट्या बसवणाऱ्या शेतकऱ्याला एकरामागे पैसे मिळतात. हजारो शेतकऱ्यांनी नावं नोंदवली.

लक्ष्य ठरलेलं आहे. 2008च्या तुलनेत 40 टक्के घट. मॉमीपुरतं सांगायचं तर मार्च ते जुलै या पाच महिन्यांत विरघळलेला स्फुरद 186 टनांपेक्षा जास्त येऊ नये. ओहायो, मिशिगन आणि ओंटारिओ यांनी त्यासाठी 2025 साल ठरवलं होतं. ते गाठता आलं नाही. ऐच्छिक योजनांनी काम हळू चालतं आणि ज्या रानातून सर्वांत जास्त स्फुरद जातो, त्याचा मालकच पुढे येईल याची खात्री नसते.

आपल्याकडे ही गोष्ट सांगायला एक खास कारण आहे. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सुधारण्यासाठी शेतकरी रानात भोकाचे पाइप पुरतात. तेच काळे प्लास्टिकचे पाइप, तीच ओळीने केलेली मांडणी, शेवटी चेंबर आणि चेंबरमधून नाला. नापीक झालेली रानं त्यामुळे पुन्हा उसाखाली आली आहेत, तेव्हा पाइपांना नावं ठेवायचं कारणच नाही. पण त्या नाल्याचं पाणी पंचगंगेला, कृष्णेला मिळतं आणि कृष्णा पुढे अलमट्टीच्या जलाशयात जाऊन थांबते. क्षार किती निघाले हे पाहायला चेंबरमधल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. उसाच्या बांधणीच्या वेळचा खताचा डोस दिल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात असाच एक नमुना घ्यावा आणि त्याच बाटलीतला विरघळलेला स्फुरदही तपासून मागावा. पाणी नितळ दिसलं तरी.